देव हलका झाला

आमच्या गावात परक्या माणसाला घरची लेक देतील, पण घरचा केर देणार नाहीत. हे मला कळलं ते दारोदार हिंडून केर मागायची वेळ आली तेव्हा.

गेल्या शतकाची शेवटची वर्षं होती. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत होतो आणि गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकात राजा, दरोडेखोर, सासरा, जे पदरात पडेल ते करत होतो. दोन्ही कामांत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा लागतो आणि दोन्हीकडे शेवटची रांग झोपलेली असते. माझी स्वतःची एक हुकमी गोष्टही होती. कुणाकडे चार माणसं जमली की मला ती सांगायला लावत. फिरत्या नाटक मंडळीतला एक गवई, त्याचा गळा म्हणजे मध. दुसरा गवई जळतो, त्याला विड्यातून शेंदूर चारतो. दुसऱ्या दिवशी नांदी सुरू होते, आमचा गवई तोंड उघडतो, आणि बाहेर पडतो तो कावळा. तो कावळा मी फार छान काढायचो. सगळ्यांत जास्त हसायची ती माझी वहिनी. दर वेळी पदराने डोळे पुसायची आणि म्हणायची, आता पुरे करा भाऊजी, पोटात दुखून राह्यलं.

केराचं प्रकरण सुरू झालं ते नागपूरहून येणाऱ्या एका संशोधक बाईंमुळे. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांना घराघरातली धूळ तपासायची होती. मॅंगनीजच्या खाणींचा मुलूख, दिवसभर ट्रक चाललेले, पेट्रोलचा धूर, भिंतींचे आणि खेळण्यांचे रंग, ढेकणांवर मारायची पावडर, हे सगळं शेवटी घराच्या कोपऱ्यात येऊन बसतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस काय खातो-पितो ते लपवेल, त्याचा केर काही लपवत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. तुम्हाला सगळं गाव ओळखतं ना, मग नमुने तुम्हीच जमवा, असं त्या म्हणाल्या. गाव मला दरोडेखोर म्हणून ओळखतं हे मी सांगितलं नाही.

पहिल्याच घरी बाईंनी विचारलं की केर कशाला पाहिजे. मी म्हटलं, तपासायला. त्या म्हणाल्या, तुमच्या घरी नाही काय? आणि दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की त्या घरातला धाकटा, म्हणजे मी, केर जमवतो आहे. केस, नखं आणि केर कोण जमवतं हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. करणी करणारा. कारणही लगेच सापडलं. लग्न जमत नाही म्हणून करत असेल बिचारा. माझ्या सावलीतून एका आईने पोराला दंडाला धरून ओढलं, तेव्हा मी रिकाम्या पिशव्या घेऊन घरी परतलो.

वहिनीने मला तारलं. ती कटंगीजवळच्या खेड्यातली, धानाच्या घरची. जीभ कोयत्यासारखी आणि हसणं त्याहून धारदार. तिने माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊजी, तुम्ही खोटं बोलता तवा तुमचे हात हालतात. खरं बोलता तवाबी हालतात, पण कमी. लोकायले फरक कसा समजन?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बाया आमच्या ओट्यावर पापड लाटायला जमल्या होत्या. वहिनी उठली, आमच्या घरचा केर सुपलीत घेऊन आली, सगळ्यांदेखत पिशवीत ओतला, गाठ मारली आणि माझ्या हातात दिला. माझ्या घरापासून सुरुवात करा, करणी लागली तर मला लागू दे, असं काहीतरी म्हणाली. बाया हसल्या. मग अट ठरली की ज्याच्या त्याच्या पिशवीची गाठ ज्याने त्याने मारायची आणि पिशवीवर नाव नाही, फक्त नंबर. आठवडाभरात माझ्याकडे अख्ख्या गल्लीचा केर होता. पिशवी नंबर एक आमची.

करणी लागली तर मला लागू दे. हे वाक्य पुढे मला फार दिवस ऐकू येत राहिलं.

आता आमच्या घराबद्दल. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, उकव्याला खाणीच्या वजनकाट्यावर होता. ट्रक रिकामा मोजायचा, भरलेला मोजायचा, वजाबाकी करायची. माणूसही तसाच होता, मोजून बोलणारा. शनिवारी बसने घरी यायचा, सोमवारी पहाटेच्या बसने जायचा. घरात वहिनी, मी आणि त्यांची एकुलती एक पोर. ती तीन वर्षांची व्हायच्या आत नाटकात आली. मी कॉलेजातून आलो की दाराची कडी वाजवायची, आणि तिने पाटावर उभं राहून, कमरेवर हात ठेवून ओरडायचं, "कोण आहे रे तिकडे?" मग मी वाकून आत शिरायचो, "आज्ञा, महाराज." महाराजांची आज्ञा ठरलेली असायची, गोळी दे. तिला एवढं एक वाक्य शुद्ध यायचं. बाकी सगळं वहिनीचं मराठी आणि शेजारची हिंदी मिसळून दिवसभर धबधबा चालू. दादा शनिवारी यायचा तो जणू तिचं ऐकायलाच. तो ओट्यावर बसायचा, ती मांडीवर बसून आठवड्याचा हिशेब द्यायची, आणि त्याचा चेहरा असा व्हायचा की ट्रक उलटला तरी उठणार नाही.

त्याच सुमारास, केराच्या प्रकरणाच्या काही महिने आधी, गावाबाहेरच्या मारुतीने कात टाकली. आमच्याकडे असंच म्हणतात. वर्षानुवर्षं तेल-शेंदराचे थर चढत जातात, देव फुगत जातो, नाकडोळे बुजतात, आणि एक दिवस ती खोळ आपोआप तडकून खाली येते. आतून लहानसा, काळा, पुन्हा नाकडोळे असलेला मारुती निघतो. गर्दी लोटली. खोळीचे तुकडे लोकांनी प्रसाद म्हणून घरी नेले. मीही गेलो होतो आणि देवाचं वजन कमी झालं, आता तरी उड्डाण करेल, असं बोलून लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. वहिनीने मुठीएवढा तुकडा आणला, लाल फडक्यात बांधला आणि पोरीच्या खाटेवरच्या खिळ्याला टांगला. पोर झोपेत दचकायची, तेवढ्यापुरतं. आमच्या डोक्यावर इतकं काय काय टांगलेलं असतं, की एक गाठोडं आणखी टांगलं हे मी पाहिलं आणि विसरलो.

पोर बदलली ती हळूहळू. आधी पोटात दुखतं म्हणायला लागली. मग जेवणावरून मन उडालं, रंग पिवळट झाला. मग वाक्यं लहान होत गेली. मी कडी वाजवायचो, आतून "कोण आहे रे" एवढंच यायचं. मग नुसतं "कोण". मग एके दिवशी मी कडी वाजवत राहिलो आणि आतून काहीच आलं नाही. दार ढकललं तर ती पाटावर उभी होती, कमरेवर हातही होते, माझ्याकडे बघत होती. संवाद विसरलेल्या नटाचे डोळे मी पुष्कळ पाहिलेत. पण त्याला विंगेतून कुणीतरी सांगतं.

गावातल्या मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं. रक्त कमी आहे म्हणाले, टॉनिक लिहिलं, काही मुलं बोलता बोलता थांबतात म्हणाले. मग विचारलं की वडील काय करतात. वहिनी म्हणाली, खाणीत आहेत. डॉक्टर म्हणाले, "हं."

त्या एका "हं"ने माझ्या भावाला घराबाहेर काढलं. डॉक्टरांची चूक नव्हती. मॅंगनीजच्या धुळीने खाणकामगारांच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो हे त्यांनी वाचलं होतं, कपड्यांबरोबर धूळ घरी येऊ शकते एवढंच ते पुढे म्हणाले. वहिनीने ते दादाला सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात ती कोयत्याची धार होती. पुढच्या शनिवारपासून दादा अंगणातल्या नळावर कपडे उतरवायचा, तिथेच डोक्यापासून आंघोळ करायचा, थंडीतसुद्धा. कपडे वेगळ्या बादलीत. मग ओट्याच्या टोकाला बसायचा. पोर धावत आली की दोन्ही हात पुढे करून तिला लांबच थांबवायचा. काही शनिवार ती धावत आली. मग तिनेही धावणं सोडलं.

अशा घरातून पिशवी नंबर एक गेली होती.

मॅडम निकाल घेऊन आल्या तेव्हा आधी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून एक गंमत दाखवली. धुळीत निळे, गुलाबी, हिरवे बारीक तंतू आणि चुरे होते. नायलॉनच्या साड्यांचे, प्लास्टिकच्या चटयांचे, बादल्यांचे. दिसायला फार सुंदर. मी म्हटलं, ही तर होळी आहे. त्या म्हणाल्या, प्रत्येक घरात आहे, आणि याचं शरीरात काय होतं हे कुणी अजून धड विचारलेलंही नाही. मग त्यांनी चष्मा काढला. मॅंगनीज सगळ्या घरांत निघालं, कमी-जास्त. रस्त्यालगतच्या घरांत थोडं शिसंही. पण एका पिशवीत शिसं इतकं होतं, की त्यांना आधी भांडंच खराब वाटलं आणि त्यांनी पुन्हा तपासलं. नंबर एक कुणाचं घर?

मी म्हटलं, माझं. मग पोरीचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग विचारत सुटल्या. बॅटरी दुरुस्त करता का, जुना रंग खरवडलाय का, भांड्यांना डाग देण्याचं काम कुणी करतं का. सगळ्याला नाही. त्यांनी मला कागदाच्या पुड्या दिल्या आणि प्रत्येक खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यातून वेगवेगळी धूळ आणायला सांगितली. वहिनीला मी म्हटलं की गल्लीतलं सगळ्यांत स्वच्छ घर म्हणून तुमचं पुन्हा तपासतायत. ती माझ्या हातांकडे बघून हसली.

सगळ्यांत वाईट पुडी निघाली पोरीच्या खाटेखालची.

मी घरी आलो, खाटेखाली पाहिलं, मग वर पाहिलं. खिळा, लाल फडकं, फडक्याखाली भिंतीवर उतरलेली केशरी भुकटी. शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. शेंदराने गळा जातो हे मी दर मैफलीत सांगत होतो. दोन्ही गोष्टी इतकी वर्षं माझ्या एकाच डोक्यात शेजारी राहत होत्या आणि त्यांची ओळख नव्हती.

वहिनी ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत बसली होती. पाय लुळे पडतात म्हणून सरकार खाऊ नका म्हणतं आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातो ती डाळ. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की ते गाठोडं नुसतं टांगलंय की आणखी काही. तिने काहीही लपवलं नाही, लपवण्यासारखं तिच्या लेखी काही नव्हतंच. मंगळवारी आणि शनिवारी सहाणेवर तुपात उगाळून पोरीच्या जिभेवर बोटभर लावायची. आधी दचकण्यासाठी. मग पोटात दुखायला लागलं म्हणून.

"आता तं बोलणंच बंद झालं ना," ती म्हणाली. "म्हणून रोज देऊन राह्यली."

माझ्या तोंडून निघालं, शेंदूर आहे तो वहिनी.

"देवाचा आहे," ती म्हणाली. "दुकानातला देईन काय मी? तो तं जहर असते. तुम्हीच सांगता ना त्या गवयाची गोष्ट." आणि कावळ्याच्या आठवणीने तिला पुन्हा हसू आलं.

मी गाठोडं खिळ्यावरून काढलं, मारुतीच्या पायाला लावून आणतो म्हटलं आणि निघालो. हातात घेतल्यावर दचकलो. मुठीएवढा तुकडा, पण पाट्याच्या वरवंट्यासारखा जड. शिसंच ते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी उकव्याला गेलो. जंगलातला घाट, बसमध्ये बैहरच्या बाजाराला निघालेली माणसं, आणि माझ्या मांडीवर देव. दादा काट्याच्या खोलीत होता. त्याने ट्रक पुढे काढायला सांगितला आणि दार लावलं. मी गाठोडं टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. तो ऐकत होता, नजर त्या तुकड्यावर.

"म्हंजे माह्या कपड्यानं नाही?" त्याने विचारलं.

नाही, मी म्हटलं. कपड्यांनी नाही, खाणीने नाही, तुझ्याने नाही. त्याचा चेहरा क्षणभर तोच झाला, शनिवारचा, मांडीवर पोर असतानाचा. आता तो उठेल, बस पकडेल, पोरीला उचलेल, असं मला वाटलं. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. दादाने हाताने गाठोडं जरा सरकवलं, जसा तो वजनमाप सरकवायचा.

"तिनं रोज देल्लं?"

"हौ."

त्याने फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली. मग म्हणाला, "तिले सांगू नको. खाणीचं म्हटलं हाय तं खाणीचंच राहू दे. माह्यानं होईन सहन. तिच्यानं नाही होणार."

मी भांडलो. म्हटलं, तू आयुष्यभर ओट्याच्या टोकाला बसशील. तो म्हणाला, बसेन. म्हटलं, पोर तुझ्या जवळ यायची नाही. यावर त्याने उठून दार उघडलं आणि ट्रकवाल्याला हात केला.

तेव्हा उरलं होतं ते माझं काम, म्हणजे नाटक. वहिनीला न सांगता तो तुकडा घरातून कायमचा घालवायचा होता. मी पुजाऱ्यांचा निरोप रचला. देवाची कात वर्षाच्या आत वैनगंगेत सोडायची असते, नाहीतर तिचं तेज उलटतं. पुजाऱ्यांना आधी जाऊन सगळं खरं सांगितलं होतं, आणि त्या भल्या माणसाने माझ्या खोट्याला स्वतःहून मान डोलावली. पण मॅडमना हे कळलं तेव्हा त्या किंचाळल्याच. नदीत? गाव पिणार आहे ते पाणी. खरंच होतं. म्हणून मी कॉलेजमागच्या भिंतीतून विटेचा मुठीएवढा तुकडा काढला, त्याला गेरूचे तीन थर दिले, वर तेल चोळलं. हुबेहूब. त्याच लाल फडक्यात, तशीच गाठ मारून बांधला. अशा सोंगात मला जो आनंद होतो तो तेव्हाही झाला, हे सांगायलाच हवं. खरा तुकडा बरणीत घालून प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद केला.

शनिवारी सकाळी आम्ही नदीवर गेलो. वहिनीच्या कडेवर पोर, माझ्या हातात गाठोडं, आणि दादा मागे पुष्कळ अंतर ठेवून. घाटावर वहिनीने पोरीला खाली उतरवलं, पदर डोक्यावरून घेतला आणि ओंजळ पुढे केली. मी गाठोडं तिच्या ओंजळीत ठेवलं.

तिचे हात वर गेले.

एवढंच झालं. जड म्हणून धरायला गेलेले हात, हलकं हाती आलं की आपोआप वर जातात, तसे. रोज खिळ्यावरून उतरवून, रोज सहाणेवर धरून त्या तुकड्याचं वजन तिच्या मनगटांत मुरलं होतं. मी रंग जमवला होता, तेल जमवलं होतं, गाठ जमवली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "देव हलका झाला जी."

मी बोलायला लागलो. तेज निघून गेलं की, काम झालं की, पुजारी म्हणत होते की. माझे हात हवेत कुठल्या कुठे फिरत होते. वहिनी माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती हातांकडे बघत होती. मग तिने पोरीकडे पाहिलं. पोर पाण्याच्या कडेला उकिडवी बसून वाळूत बोट फिरवत होती, तोंड मिटलेलं.

"त्या गवयाले," वहिनी अगदी हळू म्हणाली, "दुश्मनानं चारला होता ना?"

त्या गोष्टीतला कावळा मी नंतर कधीही काढला नाही.

मागून दादाने लांबूनच विचारलं, "झालं काय वं?"

"हौ," ती मान न वळवता म्हणाली, "झालं." तिने वाकून विटेचा तुकडा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला, नमस्कार केला, आणि उठताना फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "तुम्ही उकव्याले यायच्याकडं जाऊन आले ना? यायले सांगू नका, मले समजलं म्हणून. त्याईनं माह्यासाठी केलं ना हे."

पुढे पोरीला नागपूरला नेलं, रक्त तपासलं, औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले की अंगात गेलेलं हळूहळू बाहेर येईल, पण मधल्या काळात जे वाढायचं राहिलं त्याचं काही सांगता येत नाही. घरात सगळे खाणीच्या धुळीबद्दलच बोलायचे. वहिनीही. दादा नळावर आंघोळ करून आला की ती टॉवेल घेऊन दारात उभी असायची आणि म्हणायची, कानामागं धुतलं काय? तो म्हणायचा, धुतलं. तिला ठाऊक होतं की त्या आंघोळीची काही गरज नाही. त्यालाही ठाऊक होतं. थंडीत तो कुडकुडायचा, ती टॉवेल धरून उभी असायची, आणि मी आत पेपर तपासत बसायचो.

गल्लीतल्या इतर घरांतही खोळीचे तुकडे होते, पण देव्हाऱ्यात बंद, रोज उगाळत कुणी नव्हतं. माझं एकदा चाललेलं नाटक मी पुन्हा लावलं. पुजाऱ्यांचा निरोप घेऊन घरोघर फिरलो. काहींनी हाकललं, काहींनी देवाला विष म्हणतो म्हणून धर्मबुडवा ठरवलं, कारण कुठूनतरी खरी गोष्ट थोडी फुटली होती. पण पुष्कळांनी दिले. ज्याला कुणी केर देत नव्हतं त्याला लोकांनी देव दिले. कपाटात बरण्यांची रांग लागली. प्रयोगशाळेचा शिपाई रोज कपाटाला हात जोडायचा.

मॅडमच्या अभ्यासात मात्र आमचं घर आलं नाही. एकाच घरामुळे सगळ्या गावाचं चित्र बिघडतं, म्हणून अपवाद समजून पिशवी नंबर एक बाजूला काढली. त्यांनी स्वतः येऊन सांगितलं आणि त्यांना वाईट वाटत होतं. रीत बरोबरच होती.

पोर बोलली. औषधं सुरू झाल्यावर बऱ्याच महिन्यांनी एकदा मी सवयीने कडी वाजवली आणि आतून आलं, "कोण?" मी बाहेरच उभा राहिलो. पुढचं येईल म्हणून थांबलो. मग हळूच म्हटलं, आज्ञा, महाराज. आत भांडं वाजलं, वहिनीच्या हातातून काही पडलं असावं. पुढचं वाक्य आलं नाही, आणि ते कधीच आलं नाही. शाळेत ती मागे राहिली, बेरीज-वजाबाकी अडायची, शब्द मोजून यायचे, बापासारखे. आता ती नागपूरला शिवणाच्या कारखान्यात काम करते, हात चांगला आहे तिचा. मी फोन केला की पलीकडून "कोण?" येतं, त्याच सुरात. मी नाव सांगतो.

दादाच्या मांडीवर ती पुन्हा बसली नाही. मनाई कुणाचीच नव्हती, वय निघून गेलं होतं. तो निवृत्त होऊन बालाघाटला आला, खाण सुटली, तरी बाहेरून आला की आधी नळावर जायचा.

त्याच्या शेवटच्या आजारात नागपूरच्या दवाखान्यात मी त्याच्याजवळ होतो. वहिनी खाली औषध आणायला गेली होती. तो म्हणाला, "तिले सारं ठाऊक हाय. घाटावर तिचे हात वर गेले तवाच मले दिसलं होतं. आपल्याले वजन समजते बाप्पा." मग म्हणाला, "मले समजलं हे तिले सांगू नको. बिचारी इतकी वर्षं टॉवेल घेऊन उभी राह्यली."

म्हणजे तिघांनाही सगळं पाठ होतं, आणि तिघंही एकमेकांसाठी ते नाटक इतकी वर्षं करत होतो. हसावं असं मला वाटलं होतं, आणि त्यालाही वाटलं असावं, कारण त्याचं तोंड तसं झालं. मग खोकला आला.

दादा गेल्या वर्षी गेला, म्हणून हे लिहितो आहे. तेरावं झालं, पाहुणे पांगले, वहिनी ओसरीवर बसली होती. समोर लाखोळीची डाळ होती, ती निवडत नव्हती. टॉवेल अजून दोरीवर होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "मले समजलं होतं, हे यायले ठाऊक होतं काय?"

"नाही," मी म्हटलं.

ती माझ्या हातांकडे बघायला वळली. मी ते आधीच खिशात घातले होते.